नदी नसलेल्या शहराची रसद



मागच्या भागात आपण अमेरिकेतल्या शिकागोला जाऊन आलो. गवताळ माळावरचं एक गाव, १८३३ साली जेमतेम काहीशे माणसांचं. १८४८ मध्ये तिथे कालवा आला, त्याच वर्षी रेल्वे आली, आणि १८९० पर्यंत वस्ती दहा लाखांच्या वर गेली. शिकागोच्या पायाशी मिशिगन सरोवर. पाणी आणायचं कुठून हा प्रश्न तिथे नव्हताच. घाण पाणी घालवायचं कुठे, हा होता. म्हणून १९०० साली त्यांनी चक्क नदीचा प्रवाह उलटा फिरवला.

आज ज्या शहराबद्दल बोलायचं आहे, त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. तेही उघड्या माळावर वसलं, आणि कोटीच्या पुढे गेलं. पण त्याच्या पायाशी सरोवर नाही, उशाला नदी नाही. ते शहर म्हणजे मी जिथे राहतो ते बेंगळुरू. आपल्या जुन्या कागदांतलं बंगळूर.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. पदवी घेतली आणि फौजेत गेलो. पण फौजेनं एक सवय लावली. नवी जागा दिसली की पहिला प्रश्न, रसद कुठून येते? दाणा, पाणी, दारूगोळा. किती लांबून येतो, वाटेत कोण अडवू शकतो, आणि अडवला तर आपल्याजवळ किती दिवसांचा साठा आहे? आज हाच प्रश्न या शहराला विचारू या.

कण्यावरचं गाव

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे तीन हजार फूट. पण नुसती उंची महत्त्वाची नाही. हे शहर जमिनीच्या कण्यावर बसलंय. घराच्या आढ्यावर पाऊस पडला की अर्धं पाणी पुढच्या पागोळीला जातं, अर्धं मागच्या. तसंच इथे होतं. पश्चिमेकडे पडलेला पाऊस वृषभावती आणि अर्कावतीतून कावेरीला जातो. पूर्वेकडचा दक्षिण पिनाकिनीतून तामिळनाडूकडे निघतो.

आढ्यावर पाणी थांबत नाही. त्याला थांबवावं लागतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवा. या शहराचा जवळपास पाचशे वर्षांचा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

मग प्रश्न पडतो की अशा जागी कोणी शहर वसवतं का? वसवतं, कारण आढ्याचे फायदेही असतात. हवा चांगली, दलदल नाही, हिवताप कमी, आणि चारी दिशांचे रस्ते इथून फुटतात. व्यापाऱ्याला आणि फौजेला अशी जागा आवडते. त्या दोघांनीच हे शहर घडवलं.

केंपेगौडांची तळी

यलहंकाचे नाडप्रभू केंपेगौडा हे विजयनगरचे मांडलिक. त्यांनी १५३७ च्या सुमारास इथे मातीचा कोट बांधला आणि पेठ वसवली. लोक सांगतात की आज जिथे दोड्डपेठ आणि चिक्कपेठ मिळतात, त्या चौकातून चार बैलजोड्या चार दिशांना सोडल्या आणि नांगराच्या तासांवरून रस्ते आखले. कथा असेल, पण चौक आजही आहे. पेठांची नावं ऐका. अक्कीपेठ तांदळाची, अरळेपेठ कापसाची, बळेपेठ बांगड्यांची. पुण्याच्या माणसाला परकं वाटण्यासारखं त्यात काही नाही.

पण कोट आणि पेठ यांच्याबरोबर तिसरी गोष्ट बांधली गेली, ती म्हणजे तळी. कन्नडमध्ये तळ्याला ‘केरे’ म्हणतात. धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी ही त्या काळाशी जोडलेली नावं. ‘अंबुधी’ म्हणजे समुद्र. तळ्याला समुद्र म्हणायचं, यावरूनच पाण्याची किंमत कळते. शहराभोवतीच्या गावांच्या नावांमागे ‘संद्र’ लागतं, बोम्मसंद्र, सिंगसंद्र, जक्कसंद्र. तेही ‘समुद्र’ याचंच झिजलेलं रूप आहे असं सांगतात.

हे तळं म्हणजे नुसता खड्डा नव्हे. उताराला आडवा मातीचा बांध घालायचा. पाणी अडतं. तळं भरलं की जास्तीचं पाणी सांडव्यावरून ओढ्यात उतरतं आणि खालच्या तळ्यात जातं. ते भरलं की त्याच्या खालचं. अशी माळ. वरच्या तळ्यातला थेंब खालच्या सहा तळ्यांतून फिरून मग नदीला मिळायचा. शेताला पाणी सोडायला गावात खास माणूस असे, नीरगंटी. कोणाला किती वेळ पाणी, हे तो ठरवायचा.

फौजी भाषेत सांगतो. रसदीचे साठे शहराच्या आत आणि कुशीत होते. एक गेला तर दुसरा होता.

शहाजीराजांचं बंगळूर

१६३८ मध्ये विजापूरची फौज रणदुल्लाखानाबरोबर इथे आली. तिच्यात शहाजीराजे होते. केंपेगौडांच्या घराण्याला मागडीकडे हटावं लागलं आणि बंगळूर शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं.

आपल्याकडे शाळेत शहाजीराजे म्हणजे निजामशाही आणि विजापूर एवढंच येतं. पण त्यांच्या आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं कर्नाटकात गेली, आणि बंगळूर हे त्यांचं ठाणं होतं. जिजाऊ आणि बाल शिवाजीराजे काही काळ इथे राहून पुण्याला गेले. शहाजीराजांच्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी होता. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला. त्यात अनेक भाषांचे कवी या दरबारात येऊन रचना ऐकवतात. म्हणजे आज बेंगळुरूच्या रिक्षात चार भाषा ऐकू येतात, त्यात नवल नाही. हे शहर तेव्हापासून बहुभाषिक आहे.

१६६४ मध्ये चन्नगिरीजवळ होदिगेरे इथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. त्यांची समाधी तिथेच आहे. कधी दावणगेऱ्याच्या बाजूला गेलात तर वाट वाकडी करा. मोठं स्मारक नाही. साधी जागा आहे. पण तिथे उभं राहिलं की काही वेळ बोलवत नाही.

पुढे बंगळूर व्यंकोजीराजांकडे, म्हणजे एकोजीराजांकडे आलं. मल्लेश्वरमला काडू मल्लेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या १६६९ च्या शिलालेखात एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याची नोंद आहे. मल्लेश्वरममधल्या मराठी मंडळींपैकी कितीजणांनी तो पाहिलाय, हे मी विचारत नाही. मी स्वतः तिथून वर्षभर भाजी आणत होतो आणि मला पत्ता नव्हता.

१६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजीमहाराजांनी हा मुलूख घेतला आणि पुढे समेट करताना बंगळूर भावजयीला, दीपाबाईंना, चोळीबांगडीसाठी दिलं. पण एकोजीराजांचं लक्ष तंजावरात गुंतलं होतं. इतक्या लांबून बंगळूर सांभाळणं अवघड झालं. त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना विकायची बोलणी चालवली. सौदा पुरा व्हायच्या आत, १६८७ मध्ये, मुघलांचा सरदार कासीमखान येऊन ठाणं घेऊन बसला. मग त्यानेच ते तीन लाख रुपयांना म्हैसूरला दिलं.

तीन लाख! आज त्या पैशात कोरमंगलात मोटारगाडी उभी करायची जागाही मिळणार नाही. पण गंमत सोडा आणि धडा घ्या. एकोजीराजांनी बंगळूर गमावलं ते लढाईत नाही. लांबच्या ठिकाणी लक्ष लागलं आणि जवळचं हातातून सुटलं. हे वाक्य मी शेवटी पुन्हा काढणार आहे.

कॉर्नवॉलिसचे बैल

आता शंभर वर्षं पुढे येऊ. हैदरअलीने मातीचा कोट काढून दगडी किल्ला उभारला, लालबाग आखली. टिपूच्या काळात, मार्च १७९१ मध्ये, लॉर्ड कॉर्नवॉलिसने आधी पेठ आणि मग किल्ला घेतला. मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणावर चालून गेला.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण ही मोहीम रसदीचा धडा आहे. कॉर्नवॉलिसने टिपूला मैदानात मागे रेटलं होतं. तरी त्याला माघार घ्यावी लागली. का? तोफा ओढणारे बैल चाऱ्यावाचून आणि रोगाने मेले. दाणा संपला. शेवटी त्याने वेढ्याच्या जड तोफा स्वतःच्या हाताने नष्ट केल्या आणि परत फिरला. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज भेटली. मराठ्यांच्या छावणीबरोबर बाजार चालत असे. दाणा, गूळ, चारा, सगळं होतं. महाग होतं, पण होतं. त्या बाजाराने इंग्रजांची उपाशी फौज जगली.

कॉर्नवॉलिस काय शिकला? तो बंगळूरला परतला, तिथे महिनोन् महिने साठा केला, वाटेतले डोंगरी किल्ले घेऊन मार्ग सुरक्षित केला आणि १७९२ च्या फेब्रुवारीत पुन्हा गेला. या वेळी टिपूला तह करावा लागला. फरक शौर्याचा नव्हता. साठा किती जवळ होता, याचा होता.

एका शहरात दोन शहरं

१७९९ मध्ये टिपू पडला. इंग्रजांची फौज आधी श्रीरंगपट्टणात ठेवली होती. तिथे हिवतापाने माणसं मरू लागली. म्हणून १८०९ च्या सुमारास हलसूर तळ्याजवळ नवी छावणी उभी राहिली. कन्नड लोक तिला ‘दंडु’ म्हणत.

ही छावणी म्हणजे दुसरं शहरच. पेठ पश्चिमेला, छावणी पूर्वेला. पेठेत कन्नड, तेलुगू, मराठी. छावणीत तमिळ, उर्दू, इंग्रजी. पेठेत गल्ल्या आणि देवळं, छावणीत परेड मैदान, बंगले आणि चर्च. मधे मोकळा पट्टा, त्यात पुढे कब्बन पार्क झालं. १८६४ मध्ये मद्रासहून रेल्वे आली, ती छावणीपर्यंत. १८८१ मध्ये म्हैसूरचं राज्य वोडेयरांना परत मिळालं, पण छावणी इंग्रजांनी स्वतःकडे ठेवली. दोन्हींच्या नगरपालिका वेगळ्या. त्या एक झाल्या १९४९ मध्ये.

पाणीसुद्धा वेगळं. १८८२ मध्ये छावणीच्या गरजेसाठी सँकी तलाव बांधला. पेठ आपल्या जुन्या तळ्यांवर आणि विहिरींवर. पण आता दोन्ही शहरं मिळून दीड लाखाच्या आसपास वस्ती झाली होती. तळी अपुरी पडू लागली, त्यांत सांडपाणी मिसळू लागलं.

पाणी लांब गेलं

इथे इतिहासाला वळण मिळतं. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात, १८९४ मध्ये, अर्कावतीवरच्या हेसरघट्टा तलावातून नळाने पाणी आणण्याची योजना झाली. शहरापासून वीसेक किलोमीटर. चार वर्षांनी प्लेग आला, आणि त्यातून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या मोकळ्या वसाहती आकाराला आल्या. १९०५ मध्ये शिवनसमुद्रमच्या विजेवर रस्त्यावरचे दिवे लागले. नळ आणि दिवे आले की माणसं येतात.

मग १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी धरण, आणखी थोडं लांब. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना इथे काढला. महायुद्ध चालू होतं, शहर समुद्रापासून दूर, सुरक्षित. आपल्या महाराष्ट्राचा माणूस पुन्हा बंगळूरच्या इतिहासात आला, या वेळी विमान घेऊन. १९४१ मध्ये चार लाखांच्या आसपास असलेली वस्ती १९५१ मध्ये पावणेआठ लाखांवर गेली. स्वातंत्र्यानंतर टेलिफोनचा, घड्याळांचा, रडारचा, असे एकामागून एक सरकारी कारखाने आले.

अर्कावती पुरेना. तेव्हा नजर गेली कावेरीवर. १९७४ मध्ये कावेरीचा पहिला टप्पा सुरू झाला, रोज साडेतेरा कोटी लिटर. पाणी येतं मंड्या जिल्ह्यातल्या तोरेकाडनहळ्ळीहून, सुमारे शंभर किलोमीटर. आणि वाहत येत नाही. ते सुमारे पाचशे मीटर वर चढवावं लागतं. शिकागोने नदी उलटी फिरवली, आम्ही नदी डोंगर चढवून आणली. विजेचं बटण बंद, की पाणी बंद. पाणीपुरवठा मंडळाच्या खर्चातला फार मोठा वाटा त्या विजेच्या बिलाचा आहे.

पाणी आलं आणि शहर सुटलं. १९७१ मध्ये सोळा लाखांच्या वर, १९८१ मध्ये एकोणतीस लाखांच्या आसपास. १९८३ मध्ये पुण्यात जन्मलेली इन्फोसिस इथे आली. दुसरा टप्पा, तिसरा, चौथा. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिकेच्या हद्दीत ८४ लाख. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवा टप्पा, रोज साडेसत्याहत्तर कोटी लिटर.

लोक म्हणतात बेंगळुरू सॉफ्टवेअरमुळे वाढलं. मी म्हणतो, सॉफ्टवेअर शेवटी आलं. आधी पंप आले.

जवळचं काय झालं?

लांबचं पाणी नळाला आलं, तसं जवळचं तळं डोळ्यांना नकोसं झालं. डासांचं घर, रिकामी जागा, सरकारी जमीन. बसने बेंगळुरूला येणारे तुम्ही मॅजेस्टिकला उतरता. ते बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या जागेवर आहे. कांतीरवा स्टेडियम संपंगी तळ्यात. गुरुनानक भवन मिलर तळ्याच्या जागी. १९९७ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेली वसाहत कोरमंगल तळ्यात.

संपंगीची हकिकत तर चटका लावणारी आहे. त्या पाण्यावर तिगळ समाजाचे बागायतदार भाजी आणि फुलं पिकवत. छावणीतल्या गोऱ्या साहेबांना तिथे पोलोसाठी कोरडी जमीन हवी होती. शेवटी तळं आटवलं गेलं. पण तिगळांचा करग उत्सव दर चैत्रात अजून होतो, आणि त्यासाठी तळ्याचा एक लहानसा कुंडाएवढा तुकडा स्टेडियमजवळ राखून ठेवलाय. देवीसाठी तेवढं पाणी उरलं.

जी तळी उरली त्यांची गटारं झाली. मी १९८५ मध्ये तरुण लेफ्टनंट म्हणून पहिल्यांदा इथे आलो, तेव्हा बेळ्ळंदूरच्या बाजूला सायकलने जायचो. भाताची शेतं, बगळे, मासे धरणारी पोरं. २०१७ च्या फेब्रुवारीत मी टीव्हीवर पाहिलं, तेच बेळ्ळंदूर तळं पेटलं होतं. पाणी पेटलं! पुढच्या वर्षी जानेवारीत पुन्हा आग लागली, तेव्हा विझवायला लष्कराचे जवान उतरले. मी तोवर निवृत्त झालो होतो. घरात बसून बघत होतो आणि माझ्या मनात एकच आलं. आमचे जवान शत्रूची आग विझवतात, पुराची माणसं काढतात. पण तळ्याला लागलेली आग विझवायची वेळ कोणी आणली? आपणच ना?

आणि त्या ‘आपण’मध्ये मी आहे. आमची इमारतही एका जुन्या ओढ्याच्या कडेला उभी आहे. घर घेताना मी किंमत विचारली, उजेड पाहिला, बसथांबा पाहिला. रसद कुठून येते, हा प्रश्न आयुष्यभर विचारलेला माणूस. स्वतःचं घर घेताना मात्र विचारायचं विसरलो.

आमच्या आवारातली विहीर

२०२४ चा उन्हाळा आला. शहरातल्या सुमारे चौदा हजार सरकारी बोअरवेलपैकी जवळपास निम्म्या कोरड्या पडल्या. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड लागला. आमच्या सोसायटीची बोअर मार्चमध्ये हवा ओढू लागली. टँकर सुरू झाले. सकाळी सहाला खाली रांग, हातात बादल्या. अमेरिकेत लाखो डॉलरची कामं करणारी तरुण मुलं लुंगीवर बादली घेऊन उभी.

मी माणदेशातला. १९७२ च्या दुष्काळात बारा वर्षांचा होतो. आई-वडील दुष्काळी कामावर पाझर तलावाचा बांध घालायला जात. मी दुपारची भाकरी घेऊन जायचो. दोन वर्षांनी पाऊस झाला, तलाव भरला आणि बांधाखालच्या आमच्या आटलेल्या विहिरीला पाणी आलं. वडील विहिरीच्या काठावर बसून नुसते बघत होते. काही बोलले नाहीत. ते मी विसरलेलो नाही. तलाव भरला की विहीर भरते, हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवलेलं नाही.

सोसायटीच्या बैठकीत मी म्हणालो, छपराचं पाणी जमिनीत सोडू या. २००९ पासून या शहरात पावसाचं पाणी साठवण्याचा नियमच आहे. आमच्याकडे नळीही लावली होती, कागदावर दाखवण्यापुरती. तिचं टोक गटारात. एकजण म्हणाला, “कर्नलसाहेब, ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा येतोय, कशाला खड्डे खणता?” हात वर झाले. माझ्या बाजूने चार, विरुद्ध एकवीस. फौजेत मतदान नसतं, ते किती सोयीचं असतं हे त्या दिवशी कळलं!

पण मे महिन्यात टँकरवाल्याने भाव दुप्पट केला. पुन्हा बैठक. या वेळी हात माझ्या बाजूने आले. विहिरी खणणारी माणसं शोधली. ती निघाली मण्णु वड्डर, म्हणजे मातीकाम करणारे वडार. आपल्याकडच्या वडारांचेच भाऊबंद. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी तळ्यांचे बांध घातले आणि विहिरी खणल्या, तेच लोक. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने आवारात फेरी मारली, वाहनतळाच्या कोपऱ्यातल्या सिमेंटच्या फरशीवर पाय आपटला आणि म्हणाला, खाली पोकळ आहे. फरशी काढली. खाली जुनी विहीर. आमच्या आधी इथे कोणाचा तरी मळा होता, त्याची ती विहीर. आम्ही तिच्यावर गाड्या लावत होतो.

गाळ काढला, छपराच्या नळ्या गाळणी लावून तिच्यात सोडल्या. शिवाय तीन नवे शोषखड्डे, वीस फूट खोल, सिमेंटच्या कड्यांचे. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर विहिरीत पाणी दिसलं. फार नाही. धुण्याला आणि बागेला पुरतं, पिण्याला कावेरीच. पुढच्या उन्हाळ्यात आम्हाला टँकर लागले, पण आधीच्या वर्षापेक्षा कमी. चमत्कार झाला नाही. साठा झाला.

शेवटचं

तर मंडळी, या शहराचा इतिहास एका ओळीत सांगायचा तर असा. प्रत्येक वेळी लांबून पाणी आलं, प्रत्येक वेळी शहर वाढलं आणि प्रत्येक वेळी जवळचं पाणी आपण सोडून दिलं. संपंगीपासून हेसरघट्टा, हेसरघट्ट्यापासून तिप्पगोंडनहळ्ळी, तिथून कावेरी. आता नकाशावर कावेरीच्याही पलीकडे बोटं फिरू लागली आहेत. शंभर किलोमीटर लांब, चढाची, विजेवर चालणारी रसद, आणि जवळ साठा नाही. कोणत्याही सैनिकी शाळेत असा आराखडा घेऊन गेलात तर नापास कराल. कॉर्नवॉलिस नापास झाला होता, पण दुसऱ्या वर्षी तो शिकला.

कावेरी नको असं मी म्हणत नाही. सव्वा-दीड कोटी माणसं तळ्यांवर जगणार नाहीत. पण कावेरीचं पाणी हे खालच्या शेतकऱ्यांशी, शेजारच्या राज्याशी वाटून घेतलेलं पाणी आहे. ते आहे म्हणून आपल्या आढ्यावरचा पाऊस गटारात सोडायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

आणि जाता जाता मराठी मंडळींसाठी. आपण इथे ‘बाहेरून आलेले’ म्हणून वावरतो. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला जमतो, पुरणपोळी खातो, चाळीस वर्षं राहूनही ‘आमच्याकडे’ म्हणजे पुणं किंवा सातारा. अहो, शहाजीराजे इथे १६३८ मध्ये आले. पाहुण्याला घराची गळती दिसत नाही, घरच्याला दिसते. आता तरी घरच्यासारखं बघू या. कन्नड शिका, आपल्या गल्लीच्या तळ्याचं नाव शोधा, सोसायटीच्या नळीचं टोक कुठे जातं ते वाकून बघा.

एकोजीराजांचं लक्ष लांब तंजावरात लागलं आणि जवळचं बंगळूर सुटलं. आपलं तसं व्हायला नको.

पुढच्या भागात आपण तंजावरलाच जाऊ, मराठ्यांचं तिथे काय झालं ते बघायला. तोवर काळजी घ्या, आणि नळ नीट बंद करा.

जय हिंद.